कोठारांतील शून्य

गेल्या अंकांत आम्हीं घरच्या वर्षाच्या धान्यसांठ्याविषयीं लिहिलें होतें, आणि ओघानें कौटिलीय अर्थशास्त्रांतील कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणाचा उल्लेख केला होता. कोठारांतील अर्धा संचय जनपदावरील आपत्तीसाठीं राखावा, अर्धा उपयोगांत आणावा, आणि जुना माल काढून त्या जागीं नवा घालीत जावा, असें तेथें विधान आहे. त्या लेखावर बरींच पत्रें आलीं. बहुतेकांचा विषय गव्हांतील सोंडकिडे हा आहे. त्यांचा परामर्श पुढें सवडीनें घेऊं. एक पत्र मात्र अगदीं निराळें आहे, आणि त्याचें उत्तर लांबणीवर टाकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पत्र पुण्याच्या एका भगिनींचें आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत त्यांच्या घरचा लहानसा कारखाना आहे. तेथें मोटारसायकलींचे व टेंपोंचे रबरी सुटे भाग होतात. बुश, ग्रोमेट, सील, निरनिराळे जोड. चारशेंच्या आसपास प्रकार, आणि कामावर तीस माणसें. भगिनींचे यजमान थोरले. धाकटे दीर इंजिनियर आहेत. दोन वर्षांपूर्वीं दिरांनीं मागणीचा अंदाज सांगणारें सॉफ्टवेअर आणलें. कोणता माल किती करावा याची यादी तें दर महिन्याच्या आरंभीं देतें. जुन्या मोटारसायकलींच्या कार्ब्युरेटरास लागणारा एक रबरी जोड आहे. त्याच्यापुढें यादींत गेले कित्येक महिने शून्य येत आहे. दिरांचें म्हणणें असें कीं, याचा साचा भंगारांत काढून जागा मोकळी करावी. स्टोअर सांभाळणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांस घरांतील सर्वजण काका म्हणतात. त्यांचें म्हणणें, "साचा मोडूं नका, लोक विचारतात." यजमान काकांच्या बाजूचे. राहतें घर बँकेकडे गहाण आहे. दोघे भाऊ एकाच पंगतीस बसतात, परंतु एकमेकांशीं बोलत नाहींत. वाढणारीनें दोघांचे निरोप पोहोंचवावे अशी अवस्था झाली आहे. "संगणक खरा कीं काका खरे, एवढें सांगा," असें भगिनींनीं विचारलें आहे.

व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या मास्तरानें कारखान्याच्या कोठींत कां डोकवावें, असें कोणी म्हणेल. परंतु भोसरी-पिंपरीकडे आमचे जुने विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांपैकीं दोघांच्या स्टोअरांत स्टुलावर बसून हा सगळा व्यवहार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे, आणि न समजलें तें पुनःपुन्हां विचारून घेतलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. हें सॉफ्टवेअर म्हणजे भविष्यकथन नव्हे. त्याच्या पोटीं जें गणित आहे तें आठवींतील मुलास समजेल. मागील अंदाज घ्यावा. प्रत्यक्ष खप किती झाला तें पाहावें. दोहोंतील फरकाचा ठराविक अंश, समजा एकपंचमांश, मागील अंदाजांत मिळवावा किंवा त्यांतून वजा करावा. अंदाज 400 नगांचा होता, खप 500 झाला. फरक 100, त्याचा पंचमांश 20. म्हणून पुढील अंदाज 420. अंश मोठा धरला तर अंदाज चंचल होतो, लहान धरला तर जड राहतो. अमेरिकेंत रॉबर्ट ब्राउन यांनीं 1950 नंतरच्या दशकांत ही रीति आरमाराच्या सुट्या भागांच्या सांठ्यास लावली आणि 1959 मध्यें तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चार्ल्स होल्ट यांनीं 1957 मध्यें तींत चढत्या-उतरत्या कलाची व ऋतुमानाची सोय केली. पीटर विंटर्स यांनीं 1960 मध्यें ती प्रत्यक्ष आंकड्यांवर पारखून पाहिली. आज थाटामाटाच्या नांवांनीं विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरांच्या तळाशीं हीच रीति, किंवा तिचीं नातवंडें, नांदत असतात.

एका वेळीं किती नग करावेत हा दुसरा प्रश्न. त्याचें उत्तर फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनियरानें 1913 मध्येंच देऊन ठेवलें आहे. (मोटारवाल्या फोर्डशीं याचा संबंध नाहीं, याचें पाळण्यांतलें नांवच फोर्ड.) साचा बदलण्याचा खर्च वांचवावा तर लॉट मोठा काढावा लागतो, लॉट मोठा काढला कीं पैसा फडताळावर निजून राहतो. दोहोंचा मेळ वर्गमूळानें बसतो. मागणी चौपट झाली तर लॉट दुप्पट करावा, चौपट नव्हे.

आपत्तीसाठीं राखावयाच्या सांठ्याचेंहि गणित आहे, आणि कौटिल्याच्या सरसकट अर्ध्याहून तें सूक्ष्म आहे. माल पुन्हां तयार होऊन येईपर्यंतच्या काळांत अंदाज साधारणपणें किती चुकतो तें मोजावें. त्या चुकीचें प्रमाण-विचलन 40 नग असेल आणि चुका नेहमींच्या वांटणीनें पडत असतील, तर शंभरांत 95 वेळां माल पुरावा म्हणून 66 नग जादा ठेवावे लागतात. 99 वेळां पुरावा म्हणून 93. हजारांत 999 वेळां पुरावा म्हणून 124. म्हणजे पहिल्या 27 जादा नगांनीं शंभरांतील चार फजित्या टळतात. पुढच्या 31 नगांनीं एकहि पुरती टळत नाहीं. "आमच्या दारांतून कोणी रिकाम्या हातानें गेला नाहीं" हा थोरल्या पिढीचा बाणा गोड खरा, परंतु शेवटच्या पायरीला तो फार महाग पडतो. उलट, सांठा म्हणजे पाप असा जपानी पद्धतीचा अर्थ करून फडताळें झाडून रिकामीं करणारे तरुणहि आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं 1 फेब्रुवारी 1997 ची हकीकत वाचावी. त्या दिवशीं आयसिन कंपनीच्या करिया येथील कारखान्यास आग लागली. तेथें होणाऱ्या ब्रेकच्या एका लहानशा झडपेचा टोयोटाजवळ कांहीं तासांपुरताच सांठा होता. टोयोटाच्या जपानांतील बहुतेक जुळणीच्या लाइनी त्यामुळें कांहीं दिवस थांबल्या. टोयोटाचा संसार मोठा. तो त्यांतून लवकर सांवरला. भोसरीच्या तीस माणसांच्या कारखान्यास तसें सांवरतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. वरील रीतींत आम्हीं 'खप' हा शब्द मुद्दाम वापरला; 'मागणी' नव्हे. सॉफ्टवेअरास चलानें आणि बिलें तेवढीं दिसतात. जें गेलें तें त्यास कळतें. जें मागितलें गेलें आणि देतां आलें नाहीं, तें त्याच्या लेखीं घडलेंच नाहीं.

भगिनींनीं पत्रासोबत दिरांकडून मागून घेतलेला दोन वर्षांचा कागद जोडला आहे. तो आम्हीं दोन सायंकाळीं पेन्सिल घेऊन वाचला, आणि त्या रबरी जोडाची सारी कथा त्यांत सांपडली. आरंभीं महिन्यास 300 नग खपत होते. मग एका महिन्यांत रबराचें मिश्रण वेळेवर आलें नाहीं. पहिल्या नऊ दिवसांत 90 नग गेले आणि फडताळ रिकामें झालें. पुढील महिनाभर मालच नव्हता, खप शून्य. सॉफ्टवेअरानें नेमानें हिशेब केला. 300 चे 258 झाले, 258 चे 206. मग मिश्रण आलें. परंतु यादींत 206 होते म्हणून 206 च नग केले, आणि ते सर्व गेले. खप 206, अंदाज 206, चूक शून्य! कागदाच्या कडेला त्या महिन्यापुढें अचूकतेची हिरवी खूण आहे. ज्या महिन्यांत निदान 94 नगांचें गिऱ्हाईक परत गेलें असावें, तोच महिना सॉफ्टवेअरानें आपल्या यशाचा म्हणून नोंदविला आहे. पुढें साचा दुरुस्तीस गेला. त्या दोन महिन्यांत 206 चे 165 आणि 165 चे 132 झाले. दीडशेंच्या आंत लॉट काढावयाचा नाहीं असा नियम भरून ठेवलेला होता. तेव्हां यादींत आलें शून्य. माल केला नाहीं म्हणून खप झाला नाहीं, आणि खप झाला नाहीं म्हणून माल केला नाहीं. संगणकानें एकहि बेरीज चुकविलेली नाहीं.

हा प्रकार वाचतांना आम्हांस मीमांसकांची आठवण झाली. भाट्ट मतांत, तसेंच अद्वैत वेदान्तांत, अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. जमिनीवर घट दिसत नाहीं, यावरून तेथें घट नाहीं हें कळतें. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाणाचा मान देत नाहींत; तो वाद येथें नको. आमच्या उपयोगाची आहे ती तिची अट. घट तेथें असता तर दिसला असता, अशी परिस्थिति पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे उघडे पाहिजेत. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घट नाहीं असें कोणी म्हणूं लागला तर त्यास शास्त्रांत थारा नाहीं. म्हणून नुसती अनुपलब्धि पुरत नाहीं, योग्यानुपलब्धि लागते. आतां कारखान्याचें स्टोअर पाहा. फडताळावर 300 नग ठेवलेले आहेत आणि महिनाभर कोणी फिरकलें नाहीं, तर तें शून्य उजेडांतलें. त्यावरून मागणी नाहीं असें खुशाल म्हणावें. फडताळ रिकामें असतांना आलेलें शून्य अंधारांतलें. दोन्हीं शून्यें संगणकांत सारखींच दिसतात, आणि दिरांनीं दुसऱ्यास पहिलें मानून साचा मोडण्याचा निश्चय केला आहे.

यावरून काकांचा विजय झाला असें मात्र थोरल्या बंधूंनीं समजूं नये. "लोक विचारतात" हें वाक्य तपासल्याविना तेंहि लुळेंच आहे. किती लोक? कोठले? एकच दुकानदार तीनदां विचारीत असेल तर ती तीन गिऱ्हाइकें नव्हेत. माल कोठेंच मिळेना झाला कीं एकच माणूस पांच कारखान्यांस दूरध्वनि करतो आणि पांचांनाहि वाटतें कीं मागणी आपल्याकडेच लोटली आहे. उलट, दोनदां नकार ऐकलेला दुकानदार तिसऱ्यांदा विचारीतच नाहीं. तो काकांच्या कानांवरहि येत नाहीं. काकांची स्मृति दांडगी असेल; परंतु तींत मोठ्यानें बोलणाराच अधिक राहतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

उपाय साधा आहे, आणि त्यास पैसे पडत नाहींत. स्टोअरांत एक नकार-वही ठेवावी. जें मागितलें आणि देतां आलें नाहीं तें त्याच क्षणीं तींत लिहावें: तारीख, माल, नग, मागणाराचें नांव व गांव, आणि तो थांबणार कीं दुसरीकडे जाणार. महिन्याच्या अखेरीस एका गिऱ्हाइकाची एकच मागणी धरून बेरीज करावी. दुसरें, कोणता माल महिन्यांतून किती दिवस फडताळावर होता याची नोंद करावी. वरील उदाहरणांत नऊ दिवसांत 90 नग गेले, म्हणजे दिवसास 10. तीस दिवस माल असता तर 300 गेले असते. मागणी कमी झालीच नव्हती. कमी झाले होते ते माल असल्याचे दिवस. विमानांच्या जागा विकणाऱ्या कंपन्यांनीं हा प्रश्न फार पूर्वींच ओळखला. विमान भरल्यावर बंद झालेली विक्री म्हणजे प्रवासी संपले असें त्या मानीत नाहींत. बऱ्याच सॉफ्टवेअरांत रिकामे दिवस वगळण्याची सोय असते. आपल्यांत आहे कीं नाहीं, हें विकणारास स्पष्ट विचारावें. नसेल तर वहींतील आंकडा हातानें भरावा.

या रबरी जोडाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा होऊन त्याच्या जागीं इंधन फवारणारी यंत्रणा आली. म्हणून नव्या गाड्यांसाठीं या जोडाची गरज उरली नाहीं. जी आहे ती जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीची. ती वर्षानुवर्ष विरळ होत जाणार, हें दिरांचें म्हणणें बरोबर आहे. विरळ मागणी थेंबथेंब येत नाहीं. कधीं 60 नग, मग चार महिने कोरडे, मग एकदम 40. अशा मालास नेहमींची सरासरी लावली तर विक्री झाल्याबरोबर अंदाज फुगतो आणि पुढें महिनोनमहिने ओसरत राहतो. जे. डी. क्रॉस्टन या लेखकानें 1972 मध्यें यावर तोड काढली: मागणी आली तर किती नगांची येते याचा अंदाज निराळा ठेवावा, आणि दोन मागण्यांमध्यें किती महिने जातात याचा निराळा. पांच महिन्यांतून एकदां 50 नग, म्हणजे सरासरीनें महिन्यास 10. परंतु महिन्यास 10 नग कोणीच मागत नाहीं. येतो तो 50 मागतो. ते असतील तर घेतो, नसतील तर जातो. (क्रॉस्टनचें सूत्र किंचित् जास्त अंदाज देतें असें पुढें आढळून आलें आणि त्याची दुरुस्तीहि झाली; परंतु मूळ विचार टिकून आहे.) चारशें प्रकारांपैकीं कोणते नियमित खपाचे आणि कोणते विरळ, ही वर्गवारी दिरांनीं व काकांनीं एका दुपारीं एकत्र बसून करण्यासारखी आहे.

कालगणनेविषयीं एक सूचना केल्याविना राहवत नाहीं, कारण येथें आमच्यासारख्या पंचांगवाल्या माणसास थोडा अधिकार आहे. सॉफ्टवेअर ऋतुमान इंग्रजी महिन्यांनीं मोजतें. गाड्यांची खरेदी आपल्याकडे दसऱ्याला व दिवाळीला होते. दसरा 2023 सालीं 24 ऑक्टोबरास होता, 2024 सालीं 12 ऑक्टोबरास, 2025 सालीं 2 ऑक्टोबरास. म्हणजे सणापूर्वींची जी गर्दी एका वर्षीं ऑक्टोबरांत नोंदली गेली, ती दोन वर्षांनीं सप्टेंबरांत जाऊन बसली, आणि सॉफ्टवेअर मात्र ऑक्टोबराची वाट पाहत राहिलें. अधिक मास आला कीं सण पुन्हां पुढें सरकतात. सणांच्या तारखा त्यास दरवर्षीं नव्यानें सांगाव्या लागतात. सरकारी हुकुमांचेंहि तसेंच. 2025 च्या सप्टेंबरांत लहान मोटारी आणि 350 सीसीपर्यंतच्या दुचाकी यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. तो अंमलांत आला 22 तारखेस, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशीं. त्यापूर्वीं पितृपक्ष, आणि वर स्वस्ताईची वार्ता. पुष्कळ गिऱ्हाइकें हात आंखडून बसलीं. त्या पंधरवड्याचा मंद खप पाहून ज्यांनीं माल कमी केला, त्यांचे नवरात्रांत काय हाल झाले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांस महिन्याचें शेड्यूल देतात आणि मध्येंच बदलतात, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथें इतकेंच सांगतों कीं, शेड्यूलाचा माल आणि बाजारांतला माल यांचे आंकडे एकाच खात्यांत मिसळूं नयेत. घर गहाण असतांना तर पैशाची वाट प्रथम पाहावी लागते. लहान उद्योगांचें देणें फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावें असें 2006 च्या कायद्यांत आहे. तथापि फडताळावर निजलेल्या मालास कोणताच कायदा उठवीत नाहीं. काकांच्या ताब्यांतील ज्या मालावर वर्षभर उजेडांतलें शून्य आहे, त्याची यादी दिरांनीं काढली आहे. ती बरीच लांब आहे आणि आमच्या मतें खरी आहे. रबर पडून पडून कडक होतें. तो माल थोरल्या बंधूंनीं मन घट्ट करून काढून टाकावा.

साच्याचें काय करावें हें विचारलें आहे, तर तो मोडूं नये. तेल लावून, कागदांत गुंडाळून, वर क्रमांक घालून ठेवावा; त्यास एका खणाची जागा लागेल. नकार-वही सहा महिने चालवावी. त्या अवधींत दीडशें नगांची खरी मागणी जमली कीं एक लॉट काढावा, आणि न जमली तर साच्याचा निकाल दिरांनीं लावावा. मग काकांनीं त्यांत बोलूं नये. वही काकांच्याच हातीं द्यावी, व दूरध्वनि घेणाऱ्या तरुणासहि तींत लिहिण्याची संवय लावावी, म्हणजे काका रजेवर गेले तरी पान कोरें राहणार नाहीं. परंतु महिनाअखेर ते आंकडे संगणकांत भरण्याचें काम दिरांनीं स्वतः करावें, नोकरावर सोंपवूं नये. काकांचें अक्षर मोडी वळणाचें आहे असें भगिनींनीं लिहिलें आहे. तेव्हां तें लावून घेण्यास त्यांस दर महिन्यास तासभर तरी स्टोअरांत जाऊन बसावें लागेल.